जोर कुठे द्यायचा? : इटालियन क्रियापदांची अक्षरे आणि आघात

इटालियन भाषेत 'कापीतानो' असा एक शब्द आहे. खरे म्हणजे एक नव्हे, तीन आहेत. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ होतो 'घडतात, होतात'. तिसऱ्या अक्षरावर जोर दिला की अर्थ 'कप्तान'. आणि चौथ्यावर, म्हणजे अगदी शेवटी जोर दिला, तर 'त्याने नेतृत्व केले'. वर्ण तेच, क्रम तोच. बदलते ती फक्त जोराची जागा.

आता हे तीन शब्द इटालियन माणूस लिहितो कसे? तिसऱ्या शब्दाच्या शेवटच्या स्वरावर तो एक तिरपी रेघ देतो. पहिले दोन मात्र अगदी एकसारखे लिहितो. इटालियन लिखाणाचा नियमच असा आहे की, अनेक अक्षरी शब्दात जोर शेवटच्या अक्षरावर असेल तरच तो खुणेने दाखवणे सक्तीचे. इतरत्र असेल तर वाचणाऱ्याने तो ओळखायचा. 'इटालियन जशी लिहितात तशीच वाचतात' असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरेचसे खरे आहे, पण आघाताच्या बाबतीत नाही. परकी भाषा म्हणून ती शिकणारा विद्यार्थी इथेच अडखळतो, आणि सर्वांत जास्त अडखळतो तो क्रियापदांपाशी. कारण नामाचा आघात शब्दकोशात एकदा पाहिला की झाले. क्रियापदाची रूपे मात्र डझनावारी, आणि जोर एका रूपात इथे तर दुसऱ्यात तिथे.

ही उडी नियमाने होते की प्रत्येक रूप पाठच करावे लागते, हा आपला आजचा प्रश्न.

आधी दोन शब्दांचा उलगडा करू. 'अक्षर' हा शब्द आपण लिपीतल्या चिन्हासाठीही वापरतो. इथे तो जुन्या, छंदःशास्त्रातल्या अर्थाने घ्यायचा : एका स्वराभोवती जमलेला, एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा. 'पत्ती' या शब्दात दोन अक्षरे, 'पत्' आणि 'ती'. आघात म्हणजे शब्दातल्या एका अक्षरावर पडणारे वजन. ते अक्षर शेजाऱ्यांपेक्षा थोडे मोठ्याने, बहुधा थोड्या चढ्या सुरात, आणि इटालियनमध्ये विशेषतः थोडे लांबवून उच्चारले जाते. मराठीतही अक्षरांवर कमीअधिक जोर पडतो, पण केवळ जोराची जागा बदलल्याने मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून आपल्या कानाला ही सवय नसते. आपल्या परंपरेत मात्र ही गोष्ट अनोळखी नाही. 'इन्द्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला आणि 'इंद्राला मारणारा' याऐवजी 'इंद्र ज्याला मारणारा आहे तो' असा अर्थ झाला, ही वैदिक कथा संस्कृत शिकवणाऱ्यांना ठाऊकच असेल. अर्थात वैदिक स्वर हा सुराच्या उंचीचा आहे आणि इटालियन आघात जोराचा, एवढा भेद लक्षात ठेवू.

या लेखात आम्ही इटालियन शब्द अक्षरे तोडून देवनागरीत लिहीत आहोत. ज्या अक्षरावर जोर आहे त्याच्या आधी (') अशी खूण केली आहे. वरचे तीन शब्द असे होतील : 'का-पी-ता-नो, का-पी-'ता-नो, का-पी-ता-'नो. इटालियन त आणि द हे आपल्या त-द सारखेच दंत्य आहेत. त्या बाबतीत मराठी माणसाला काहीच कष्ट नाहीत.

अक्षरे कशी तोडायची हे चटकन पाहून घेऊ. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जाते : पा-ने (पाव). द्वित्त असेल तर निम्मे-निम्मे : गात्-तो (मांजर). र, ल, म, न यांच्यापुढे दुसरे व्यंजन आले तर हे चौघे मागच्या अक्षराला मिटवतात : पार्-ला, कान्-ता. पण क, प, त, द अशा व्यंजनापुढे र किंवा ल असेल तर जोडी फुटत नाही : पा-द्रे (वडील). 'स' मात्र भांडखोर आहे. शाळेतला नियम सांगतो की 'स' आणि त्याच्यापुढचे व्यंजन दोन्ही पुढे न्या : पा-स्ता. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना इटालियन मुले तसेच तोडतात. ध्वनितज्ज्ञ मात्र म्हणतात की उच्चारात हा 'स' मागच्या अक्षरातच असतो, पास्-ता. त्यांचा पुरावा चांगला आहे. आघात असलेले अक्षर स्वरान्त असेल आणि शब्दाच्या शेवटी नसेल, तर इटालियनमध्ये त्याचा स्वर लांबतो. ते व्यंजनाने मिटले असेल तर लांबत नाही. 'पास्ता'तला पहिला आ लांबत नाही. म्हणजे ते अक्षर मिटलेले असले पाहिजे. आम्हाला हा युक्तिवाद पटतो, पण लिहिताना शाळेचा नियम पाळला आहे.

द्वित्ताकडे कानाडोळा करून चालत नाही. 'का-दे म्हणजे 'पडतो', 'काद्-दे म्हणजे 'पडला'. पार्-ले-'रे-मो म्हणजे 'आम्ही बोलू', पार्-ले-'रेम्-मो म्हणजे 'आम्ही बोललो असतो' किंवा 'बोलू शकू'. भविष्य आणि संकेत यांच्यात एका म् चा फरक. इंग्रजी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना हा फरक ऐकू येण्यासाठी बराच सराव लागतो. 'पती' आणि 'पत्ती' यांत कधी गफलत न करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तो पहिल्याच दिवशी जमावा.

आता आघाताकडे वळू. इटालियन व्याकरणकारांनी आघाताच्या जागेवरून शब्दांना नावे दिली आहेत. जोर उपान्त्य अक्षरावर असेल तर तो शब्द 'प्यानो', म्हणजे सपाट. बहुसंख्य इटालियन शब्द असेच आहेत. शेवटच्या अक्षरावर असेल तर 'त्रोंको', म्हणजे छाटलेला. शेवटून तिसऱ्यावर असेल तर 'झ्द्रूच्चोलो', म्हणजे निसरडा : जोर होऊन गेला तरी जीभ पुढे दोन अक्षरे घसरत राहते. शेवटून चौथ्यावर असेल तर दुप्पट निसरडा. कवितेतही हीच नावे चालतात. दान्तेच्या 'दिव्हिना कोमेदिया'चे वृत्त अकरा अक्षरी म्हणून ओळखले जाते. पण तिथे खरी अट ओळीतला शेवटचा आघात दहाव्या अक्षरावर असण्याची आहे. ओळ छाटलेल्या शब्दाने संपली तर अक्षरे दहाच भरतात, निसरड्याने संपली तर बारा. आणि तरीही वृत्त 'अकरा अक्षरी'च. आपल्या अक्षरगणवृत्तांची सवय असलेल्याला हे अंमळ विचित्र वाटेल.

'बोलणे' या क्रियापदाचा वर्तमानकाळ घेऊ. मूळ रूप पार्-'ला-रे. मी बोलतो : 'पार्-लो. तू बोलतोस : 'पार्-ली. तो बोलतो : 'पार्-ला. आम्ही बोलतो : पार्-'ल्या-मो. तुम्ही बोलता : पार्-'ला-ते. ते बोलतात : 'पार्-ला-नो.

शेवटच्या रूपाकडे पाहा. उपान्त्य अक्षरावर जोर देण्याच्या सवयीने विद्यार्थी हमखास 'पार्-'ला-नो' म्हणतो. इटालियन माणूस मात्र जोर 'पार्' वर ठेवतो, जणू 'पार्ला' या एकवचनाला 'नो' नुसता चिकटवला आहे. आणि इतिहासात काहीसे तसेच झाले आहे. लॅटिनमध्ये 'ते गातात' हे रूप 'कान्तान्त' असे दोनच अक्षरी होते, जोर पहिल्यावर. पुढे शेवटचा त् गळाला, न् उरला. इटालियनला शब्दाच्या शेवटी व्यंजन फारसे रुचत नाही, म्हणून त्या न् ला एक ओ चा आधार मिळाला : 'कान्-ता-नो. अक्षर नंतर वाढले, पण जोर जिथे होता तिथेच राहिला. जुन्या कवितेत आणि संगीतिकांच्या संहितांत हा ओ नसलेली 'कान्तान' सारखी रूपे अजून दिसतात.

'राहणे, वस्ती करणे' या क्रियापदात हेच आणखी ठळक होते. मूळ रूप आ-बी-'ता-रे, 'तो राहतो' 'आ-बी-ता, आणि 'ते राहतात' 'आ-बी-ता-नो. जोर शेवटून चौथ्या अक्षरावर, म्हणजे दुप्पट निसरडे. 'ते फोन करतात' : ते-'ले-फो-ना-नो. हेही तसेच.

म्हणजे वर्तमानकाळाच्या सहा रूपांपैकी चारांत (तिन्ही एकवचने आणि तृतीय पुरुषी अनेकवचन) जोर धातूवर असतो, आणि दोनांत (आम्ही, तुम्ही) प्रत्ययावर. सहा रूपे दोन स्तंभांत, एकवचन डावीकडे आणि अनेकवचन उजवीकडे लिहून या चार रूपांभोवती रेघ काढली, तर बुटासारखी आकृती होते. परदेशी विद्यार्थ्यांना शिकवताना शिक्षक ती फळ्यावर काढतात. इटलीचा नकाशाही बुटाच्या आकाराचा आहे, पण हा निव्वळ योगायोग.

हा बूट केवळ आघाताचा नाही. धातूचा स्वरही त्याच्याबरोबर बदलतो. 'बसतो' : 'स्ये-दे, पण 'आम्ही बसतो' : से-'द्या-मो. 'मरतो' : 'म्वो-रे, पण 'आम्ही मरतो' : मो-'र्या-मो. 'मी ऐकतो' : 'ओ-दो, पण 'आम्ही ऐकतो' : ऊ-'द्या-मो. 'ते ऐकतात' पुन्हा बुटात, म्हणून 'ओ-दो-नो. पुस्तकात ही क्रियापदे 'अनियमित' म्हणून वेगळ्या यादीत टाकलेली असतात. पण खरे तर इथे अनियमित काही नाही. जोर पडला की जुन्या लॅटिनमधल्या ऱ्हस्व ए चा 'ये' झाला, ऱ्हस्व ओ चा 'वो' झाला. जोर नसेल तिथे स्वर साधाच राहिला. याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आपण मराठीत रोज लिहितो : मूल पण मुलाला, फूल पण फुलाचा, दीर पण दिराने. मराठीतले कारण वेगळे आहे, पण पुढे अक्षर वाढल्याने मागच्या स्वराचे रूप बदलणे ही वृत्ती तीच. संस्कृतातले 'एमि' (मी जातो) आणि 'इमः' (आम्ही जातो) हे त्याहून जवळचे. वैदिक भाषेत हे क्रियापद सस्वर असते तेव्हा 'एमि'त उदात्त धातूवर असतो आणि 'इमः'मध्ये प्रत्ययावर. धातूचे भारदस्त रूप उदात्ताबरोबर, बारीक रूप त्याच्याविना.

बुटाचे सर्वांत गमतीदार उदाहरण म्हणजे 'संपवणे'. मी संपवतो : फी-'नी-स्को. तू : फी-'नी-शी. तो : फी-'नी-शे. पण आम्ही : फी-'न्या-मो, तुम्ही : फी-'नी-ते, आणि ते : फी-'नी-स्को-नो. हा मधला 'स्क' कुठून उपटला आणि दोन रूपांतच का नाही? लॅटिनमध्ये हा एक प्रत्यय होता, क्रियेचा आरंभ दाखवणारा. इटालियनमध्ये त्याचा अर्थ उडाला आणि तो एका वेगळ्याच कामाला लागला. जिथे जोर धातूवर पडला असता नेमक्या त्या चार रूपांत तो मध्ये शिरतो आणि जोर स्वतःकडे घेतो. परिणामी या क्रियापदांचा धातू कधीच आघाताखाली येत नाही. जोर हलायचे थांबते, धातूचा स्वर बदलायचेही थांबते. 'विनाकारण घुसडलेला स्क' अशी विद्यार्थी ज्याच्याबद्दल तक्रार करतात, तो वास्तविक त्यांचे काम सोपे करणारा आहे.

आता पसारा मोजू. नियमित क्रियापदाचे साधे काळ आणि अर्थ मिळून सात होतात. प्रत्येकात सहा रूपे, म्हणजे बेचाळीस. त्यांपैकी वर्तमानकाळातली चार आणि वर्तमान संशयार्थातली चार, अशी आठच रूपे बुटात येतात. उरलेल्या चौतीस रूपांत जोर प्रत्ययावर असतो आणि तो कुठे पडणार हे प्रत्ययच ठरवतो. धातू कोणताही असो. अपूर्ण भूतकाळ घ्या : 'बोलत होतो' पार्-'ला-वो, 'बोलत होते' पार्-'ला-वा-नो, पण 'आम्ही बोलत होतो' पार्-ला-'वा-मो. 'आबीतारे' किंवा 'तेलेफोनारे' घेतले तरी याच जागा. म्हणजे एका क्रियापदामागे पाठ करायची गोष्ट एकच : बुटात धातूच्या कोणत्या अक्षरावर जोर येतो? ते एकदा कळले की आठही रूपे सुटली. 'पार्ल' सारख्या एका स्वराच्या धातूला तर हा प्रश्नच नाही, आणि 'स्क'वाल्या क्रियापदांनाही नाही.

साध्या भूतकाळात काही क्रियापदे थोडा त्रास देतात. 'मी वाचले' 'लेस्-सी, 'त्याने वाचले' 'लेस्-से, 'त्यांनी वाचले' 'लेस्-से-रो. पण 'तू वाचलेस' लेज्-'जे-स्ती. इथे धातूवर जोर असलेली रूपे तीन, आणि त्याच तीन रूपांत धातू आखडलेला. पुन्हा आघात आणि बदल हातात हात घालून.

भविष्यकाळाची गोष्ट वेगळी आहे. 'मी बोलेन' पार्-ले-'रो, 'तो बोलेल' पार्-ले-'रा. हे छाटलेले शब्द आले कुठून? लॅटिनचा जुना भविष्यकाळ बोलण्यातून गेला आणि लोक 'बोलणे आहे मला' अशा अर्थाची जोडी वापरू लागले : मूळ रूप, आणि त्यापुढे 'असणे, जवळ असणे' याचे वर्तमानकाळी रूप. इटालियनमध्ये 'माझ्याकडे आहे' म्हणजे नुसते 'ओ', 'त्याच्याकडे आहे' म्हणजे 'आ'. पार्लारे अधिक ओ, त्याचे झाले पार्लेरो. आपल्या 'करतो आहे'चे 'करतोय' झाले, तसेच. फरक इतकाच की इटालियनमध्ये जोर त्या जोडलेल्या तुकड्यावर होता, आणि जोडून गेल्यावरही तिथेच राहिला. मूळ रूपातल्या 'ला' वरचा जोर गेल्यामुळे त्याचा 'ले' झाला. आज कोणत्याही इटालियन माणसाला या शब्दात दोन शब्द दिसत नाहीत, पण शेवटची ती तिरपी रेघ त्यांच्या सांध्याची खूण आहे. ती वगळणे महागात पडते. 'पार्-लो म्हणजे 'मी बोलतो', पार्-'लो म्हणजे 'तो बोलला'. पुरुषही बदलतो आणि काळही. खुणेचे स्वर नसलेल्या कळफलकावर इटालियन लोक शब्दापुढे एक स्वल्पचिन्ह वर टांगून वेळ मारून नेतात.

मूळ रूपांतही एक पेच आहे. 'आरे' आणि 'ईरे'ने संपणाऱ्या क्रियापदांत जोर नेहमी प्रत्ययावर : पार्-'ला-रे, दोर्-'मी-रे (झोपणे). पण 'एरे'ने संपणाऱ्यांचे दोन गट आहेत. 'पाहणे' वे-'दे-रे, पण 'वाचणे' 'लेज्-जे-रे. लिखाणात काहीच फरक नाही. हाच शब्द लेज्-'जे-रे असा उच्चारला तर तो 'हलक्या' अशा अर्थाचे स्त्रीलिंगी अनेकवचनी विशेषण होतो.

इथे लॅटिनचा नियम कामी येतो, आणि तो आपल्याला आयताच कळतो, कारण तो लघु-गुरूचा आहे. लॅटिनमध्ये उपान्त्य अक्षर गुरू असेल, म्हणजे दीर्घ स्वराचे किंवा व्यंजनाने मिटलेले असेल, तर जोर त्याच्यावर. ते लघु असेल तर जोर एक घर मागे. लॅटिन 'विदेरे'मधला दुसरा स्वर दीर्घ होता, म्हणून वि-'दे-रे. 'लेगेरे'मधला ऱ्हस्व होता, म्हणून 'ले-गे-रे. पुढे दीर्घ-ऱ्हस्व भेद स्वरांतून नाहीसा झाला आणि जोर मात्र जागच्या जागी राहिला. ज्याने नियम घडवला ते गेले, परिणाम उरला. म्हणून आजच्या इटालियनकडे पाहून कारण सापडत नाही. 'आबीता'चेही तसेच : लॅटिनमधले मधले 'बि' लघु, म्हणून जोर 'आ' वर. शिवाय सगळेच शब्द वारसा इमानाने चालवतात असेही नाही. 'पडणे' लॅटिनमध्ये 'का-दे-रे होते, इटालियनमध्ये का-'दे-रे झाले. 'हसणे' री-'दे-रे होते, ते 'री-दे-रे झाले. जोर प्रत्ययावर असलेली 'एरे' क्रियापदे मोजकीच आहेत, पण नेमकी रोजच्या वापरातली : असणे, जाणणे, शकणे, इच्छिणे, पाहणे.

क्वचित जोरावर शुद्धलेखनही अवलंबून असते. 'मी अभ्यास करतो' 'स्तू-द्यो, आणि 'तू करतोस' लिहिताना शेवटी एकच इ : 'स्तू-दी. पण 'मी पाठवतो' इन्-'वी-ओ, आणि 'तू पाठवतोस' इन्-'वी-ई, इथे दोन इ लिहायचे. कारण दुसऱ्या शब्दात धातूतल्या इ वरच जोर आहे, म्हणून तो पुढच्या इ मध्ये विरघळत नाही. पहिल्यात तो य् सारखा अशक्त आहे, म्हणून गायब होतो.

आज्ञार्थाला सर्वनामे चिकटतात तेव्हा जोर हलत नाही, शेपूट मात्र लांबते. 'आण' 'पोर्-ता, 'ते मला आणून दे' 'पोर्-ता-मे-लो. 'बनव' 'फाब्-ब्री-का, 'ते मला बनवून दे' 'फाब्-ब्री-का-मे-लो, जोर शेवटून पाचव्यावर. त्यात 'तिथे' हाही अर्थ कोंबला की 'फाब्-ब्री-का-मी-चे-लो, शेवटून सहाव्यावर. हा शेवटचा शब्द व्याकरणाच्या पुस्तकांत जास्त आणि बोलण्यात कमी आढळतो.

राहता राहिला तो पाठ करायचा एक मुद्दा : धातूत दोन-तीन अक्षरे असली तर बुटातला जोर कोणत्यावर? लॅटिन येत असेल तर पुष्कळदा अंदाज बरोबर येतो, पण नेहमी नाही. 'टाळणे' या क्रियापदात लॅटिनमधला मधला स्वर दीर्घ होता. नियमाने 'मी टाळतो' ए-'वी-तो व्हायला हवे होते. प्रमाण उच्चार मात्र आहे 'ए-वी-तो. 'मूल्यमापन करतो' वा-'लू-तो, कारण जवळच वा-'लू-ता (चलन) हे नाम आहे. तरीही 'वा-लू-तो म्हणणारे इटालियन लोक पुष्कळ, आणि कोश तो उच्चार 'कमी शुद्ध' म्हणून नोंदतात. 'पटवून देणे' पेर्-स्वा-'दे-रे, पण पेर्-'स्वा-दे-रे सर्रास ऐकू येते. अशा शंकांसाठी इटलीच्या नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने, राईने, मिल्योरिनी, ताल्याविनी आणि फिओरेल्ली या तिघा भाषातज्ज्ञांकडून शुद्धलेखन व उच्चाराचा एक कोशच करून घेतला. त्याची पहिली आवृत्ती १९६९ साली निघाली. बातम्या वाचणाऱ्या निवेदकालाही मातृभाषेतला शब्द कोशात पाहावा लागतो, आणि तोही मुख्यतः याच एका प्रश्नासाठी : जोर कुठे द्यायचा?